सोळा तारखेचं पाणी

१

रामकिसन सापडला तो वासानं.

निंबोळवाडी ही धावड्याच्या अलीकडची चाळीस घरांची वाडी. खालच्या अंगाला गायरानात एक जुनी दगडी विहीर आहे. तिचं पाणी कुणी पीत नाही, कुणी शेताला देत नाही. ती नुसती मोजायची विहीर. तोंडावर लोखंडी झाकण, झाकणाला नुसतं दाबलं की बसणारं कुलूप आणि कठड्यात बसवलेली पत्र्याची पेटी. पेटीत वही. रोज दिवस उगवताना रामकिसन यायचा, झाकण उघडायचा, पितळी वजन लावलेली फीत खाली सोडायचा आणि पाणी कठड्यापासून किती खोल आहे ते वहीत लिहायचा. तीन वर्षं. एक खाडा नाही.

१९ मे १९९९, बुधवार. शेळ्या चारणाऱ्या गोजरबाईनं नाकाला पदर लावला आणि वाडीत येऊन सांगितलं की गायरानातल्या विहिरीत काहीतरी मेलंय. दुपारी कुलूप तोडलं. रामकिसन पाण्यावर पालथा तरंगत होता. डावा पाय गुडघ्याखाली मोडलेला. फितीचं पितळी वजन मनगटाला बांधलेलं.

माणूस विहिरीत पडू शकतो. पडल्यावर वरचं झाकण ओढून कुलूप लावू शकत नाही. हा खून आहे, एवढं तालुक्याहून आलेल्या फौजदार दाभाड्यांनाही कळलं. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा आहे, मढं पाण्यात होतं, दोन दिवस म्हणा नाहीतर पाच म्हणा, मी शपथेवर सांगणार नाही.

मग पेटीतली वही बाहेर आली. वहीत मंगळवार, अठरा तारखेपर्यंत रोजचा आकडा होता. म्हणजे मंगळवारी सकाळी रामकिसन जिवंत होता. फौजदारांना तेवढंच पाहिजे होतं.

त्याची बायको दुर्गाबाई सांगत होती की नवरा शुक्रवारी, चौदा तारखेला पहाटेच घरातून गेला. जुन्या वह्यांची पिशवी खांद्याला होती. पाणी मोजून तसाच परभणीची बस धरणार होता. तो अजून आला नाही म्हणून ती वाट बघत होती.

फौजदारांनी तिच्यासमोर वही नाचवली. नवरा शनिवारी विहिरीवर, रविवारी विहिरीवर, सोमवारी, मंगळवारी विहिरीवर, आणि बायको म्हणते परभणीला. थोरला दीर कचरू म्हणाला, गुरुवारी संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, सगळ्या वाडीनं ऐकलं. मग चार दिवस रामकिसन निजला कुठं, हे वाडीनं परस्पर ठरवून टाकलं. बाई ठेवली होती. बायकोला कळलं. बायकोनं ढकललं. अंधार पडायच्या आत गोष्ट पुरी झाली. तीन वर्षं ज्या माणसाला वाडीनं कधी कुणाच्या ओट्यावर बसलेलं पाहिलं नाही, त्याला मेल्यावर एक बाई मिळाली.

दुर्गाबाईला ठाण्यात नेलं. मे महिन्याच्या उन्हात चार दिवस अंगणात उभं केलं. पाचव्या दिवशी तिनं कागदावर अंगठा दिला. कागदावर काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही.

आता तिच्यापुढं जन्मठेप होती. आणि तिच्याविरुद्ध सगळ्यात मोठा साक्षीदार होती तिच्या नवऱ्याची वही.

२

परभणीत एका प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत तुळजाबाई सोळंके टंकलेखन करायच्या. वय सत्तेचाळीस, डोळ्याला जाड भिंगं, तोंड फटकळ. साहेब लोक त्यांच्याकडं स्वतः कागद द्यायला येत नसत, शिपायाला पाठवत.

ही प्रयोगशाळा एका जाळ्यात होती. जालना, परभणी, नागपूर अशा तीन ठिकाणच्या प्रयोगशाळांनी मिळून वीस गावांतल्या वीस विहिरी मोजायला घेतल्या होत्या. गावचा मोजणीदार वहीत लिहिताना खाली तीन कार्बन धरी. एकेक प्रत तिन्ही ठिकाणी जाई, म्हणजे कुण्या एकाला लपवता येऊ नये. परभणीत तुळजाबाई त्या प्रती जशाच्या तशा उतरवून फाइलला लावत. जालन्याचं केंद्र सगळे आकडे जुळवून महिन्याचं पत्रक छापी. ते पत्रक तिन्ही प्रयोगशाळांत जाई आणि वीसही गावांच्या चावडीवर चिकटवलं जाई. कुणीही यावं, वाचावं, विचारावं. जाळ्याचा नियमच होता तो.

नियम होता, पण विचारणारा तीन वर्षांत एकच निघाला. रामकिसन. मेच्या पहिल्या आठवड्यात त्याचं पोस्टकार्ड आलं होतं. चावडीवरच्या पत्रकात त्याच्या विहिरीचे आकडे त्यानं लिहिले तसे नव्हते. दर महिन्याला दोन-तीन आकडे बदललेले. माझं पाणी मी मोजलं, ते बदललं कोणी, असं त्यानं विचारलं होतं. तुळजाबाईंनी उलट टपाली लिहिलं की शुक्रवारी वह्या घेऊन या, समोरासमोर ताडून बघू.

शुक्रवारी तो आला नाही. तुळजाबाईंना वाटलं, भ्याला. मग पेपरात चार ओळींची बातमी वाचली.

जूनच्या एक तारखेला जालन्याहून नेहमीचं टपाल आलं. पोलिसांनी वही ठेवून घेतली होती, कार्बन प्रती मात्र जालन्याच्या केंद्राला दिल्या होत्या. तिथल्या कारकुनानं सवयीनं निंबोळवाडीची शेवटची प्रतही पाठवली होती. तुळजाबाईंनी ती मशीनला लावली आणि बोटं थांबली.

चौदा तारीख, नऊ मीटर बेचाळीस. पंधरा, नऊ चव्वेचाळीस. सोळा, नऊ सेहेचाळीस. सतरा, नऊ अठ्ठेचाळीस. अठरा, नऊ पन्नास.

रोज बरोबर दोन सेंटीमीटर. पट्टी लावून आखल्यासारखं.

त्यांनी रामकिसनच्या तीन वर्षांच्या प्रती काढल्या. त्याचं पाणी असं कधीच उतरलं नव्हतं. एक दिवस तीन, एक दिवस एक, एक दिवस काहीच नाही. आणि दर महिन्याला एक दिवस असा होता की पाणी उतरायच्या ऐवजी चढलं होतं. अकरा, बारा, चौदा सेंटीमीटर एका दिवसात. मग चार-पाच दिवसांत परत जुन्या जागी. छत्तीस महिन्यांत छत्तीस वेळा. फक्त या मेमध्ये नाही.

वहीत नुसते आकडे असतात. आकड्यांचं वळण उचलायला काय लागतं? त्यांनी साहेबांना सांगितलं की वहीतल्या शेवटच्या चार ओळी रामकिसननं लिहिलेल्या नाहीत. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही टाइप करा.

तुळजाबाईंनी रजेचा अर्ज टाइप केला.

३

जालन्याचं केंद्र एमआयडीसीच्या रस्त्यावर भाड्याच्या इमारतीत होतं. प्रमुख डॉ. वसंत गाडेकर. चाळिशीचा, इस्त्रीच्या कपड्यातला, गोड बोलणारा. आजा भोकरदन तालुक्यातलाच. बाप जालन्यात मास्तर झाला आणि पोरगा पुण्याला शिकून आला. खेड्यातली माणसं त्याला अजून वसंता म्हणायची आणि त्याच्या अंगावर काटा यायचा.

त्यानं तुळजाबाईंना चहा दिला. रामकिसनचं वाईट वाटलं म्हणाला. आपण तेव्हा हैदराबादला होतो, चौदाच्या दुपारी रेल्वेनं निघालो, वीसला परत आलो. जाळ्याची मोठी बैठक होती. तिथं आपला निबंध वाचला गेला, की या भागातलं भूजल उन्हाळाभर एका ठरावीक दरानं उतरतं. सरळ रेघ. आता पुढच्या महिन्यापासून तिन्ही प्रयोगशाळांचं प्रमुखपद आपल्याकडं येणार. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं.

तुळजाबाईंनी विचारलं की महिन्यातून एकदा पाणी चढतं, ते पत्रकात का नसतं.

तो हसला.

"तुळजाबाई, तुम्ही कॅलेंडर बघितलं नाही. ती अमावस्या असते. आपले हे लोक अमावस्येला विहिरीकडं फिरकत नाहीत. भुताला भितात. घरी बसून काहीतरी आकडा टाकतात. वीसच्या वीस गावांत हेच. मी दर महिन्याला ते दोन-तीन आकडे काढतो आणि रेघेवर जे येतात ते भरतो. नाहीतर जगापुढं काय जायचं, भुताचं पाणी?"

"म्हणजे मोजलेलं काढून न मोजलेलं भरता."

"दुरुस्ती म्हणतात त्याला."

"रामकिसनला सांगितलं होतं का हे?"

तो म्हणाला, त्यानं इथंही कार्ड टाकलं होतं, वह्या घेऊन परभणीला जातोय म्हणून. सरळ माणूस, दोन्हीकडं कळवणार. मी फारसं मनावर घेतलं नाही.

तुळजाबाईंनी चहा तसाच ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान त्यांनी उलटून बघितलं. पंधरा मेच्या चौकटीत काळा गोल होता. शनिवारची अमावस्या.

आता एकच गोष्ट बघायची राहिली होती. छत्तीस वेळा खोटं कोण बोललं, रामकिसन की हा.

४

दुसऱ्या दिवशी त्या भोकरदनहून एसटीनं धावड्याला आणि तिथून पायी निंबोळवाडीला गेल्या. कचरू ओट्यावर दोर वळत बसला होता. पन्नाशीचा, तोंडावर देवीचे वण. परभणीची बाई भावाच्या खुनाचं विचारायला आली म्हटल्यावर त्यानं मान वर केली नाही.

तुळजाबाईंनी आडवळण घेतलं नाही. भाऊ मेला, भावजय जेलात गेली, त्याला लेकरू नाही. सगळी जमीन आता तुमची ना, असं विचारलं.

"माझीच," कचरू म्हणाला. "म्हणून म्या मारला, असं म्हणा ना सरळ."

"मारला का?"

"मारला असता तर कुऱ्हाडीनं मारला असता. झाकण लावून पळून गेलो नसतो." दोर वळणं चालूच होतं. "भांडण झालं ते झालं, म्या खोटं न्हाई बोललो. ती म्हणत व्हती परभणीला जाऊ नको, मोठ्या लोकांच्या नादी लागू नको. ह्यो म्हणे माझा आकडा हाय."

तुळजाबाईंनी भांडणाचं कारण पोलिसांना का सांगितलं नाही, असं विचारलं. तो म्हणाला, त्यांनी भांडण झालं का एवढंच विचारलं, कशावरून ते विचारलं न्हाई.

मग त्यांनी अमावस्येचं विचारलं. रामकिसन त्या दिवशी विहिरीवर जायला भ्यायचा का?

कचरू पहिल्यांदाच हसला. सगळी वाडी भिती, तो एकटा न्हाई भित व्हता, म्हणाला. अमावस्येला हितं कुणी बैल जुंपत न्हाई, कुणी शेतात जात न्हाई. दिवस बुडताना बाया बांधावर दहीभात ठेवून येतात, तेवढंच. इंजिनं सगळी बंद. रामकिसन मात्र दुसऱ्या दिवशी उड्या मारत यायचा. म्हणायचा, भाऊ, एक दिवस इंजिन थांबलं तर पाणी इतभर वर येतं, महिनाभर थांबलं तर काय व्हईल.

तुळजाबाई ओट्यावर बसल्या. एवढं सोपं होतं. गायरानातल्या विहिरीच्या चारी बाजूंना बागाइतीच्या विहिरी. रोज सगळे मिळून उपसतात, पाणी उतरतं. महिन्यातून एक दिवस सगळे थांबतात, पाणी चढतं. भूत नाही, सुट्टी.

पण एक फट राहिली होती. गायरानाला लागून हुकमचंद शेठची मोसंबीची बाग होती, तालुक्यातलं सगळ्यात मोठं इंजिन त्याचं. तो जैन, तीन पिढ्यांपासून इथला व्यापारी. तो अमावस्या पाळत नसला आणि पंधरा मेला त्याचं इंजिन चाललं असलं, तर पाणी चढलंच नसेल आणि वही खरी ठरेल. दुर्गाबाई मेली.

हुकमचंद बागेत बाजेवर बसून मोसंबी सोलत होता. रामकिसनशी आपलं वाकडं होतं हे त्यानं लपवलं नाही. त्याच्या आकड्यांमुळं चावडीवर लोक म्हणायला लागले होते की शेठच्या इंजिनानं गावाचं पाणी ओढलं. म्या त्याला म्हटलंतं, एक दिवस तुझी फीत तुझ्याच गळ्याला बांधीन. त्यानं फोड तोंडात टाकली. बोलण्यात म्हणतो माणूस, बाई.

त्यांनी पंधरा तारखेचं विचारलं.

"मला अमावस्येचं काय न्हाई," हुकमचंद म्हणाला. "पण माणसं येत न्हाईत त्या दिवशी. इंजिनाला हँडल काय संतोषबाई मारणार? माझ्या बायकोच्यानं पाण्याचा तांब्या उचलत न्हाई. बंद व्हतं. बिलकुल बंद."

तुळजाबाईंनी श्वास सोडला. मग सहज विचारावं तसं विचारलं की आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी गायरानाकडं कुणी दिसलं होतं का.

"शुक्रवारी?" शेठनं साल खाली टाकली. "वसंता आल्ता ना. केंद्राची जीप व्हती. दिवस उगवायला आली, घंट्याभरानं गेली. आमच्या रखवालदारानं जोहार पण घातला."

"हे पोलिसांना सांगितलं नाही?"

"त्यांनी मंगळवारचं विचारलं, बाई. मंगळवारी कुणी न्हाई आलं, म्या बराबर सांगितलं."

५

फौजदार दाभाडे ऐकून घेत होते. वाईट माणूस नव्हता, आळशी होता. आळशी माणसाच्या हातात कायदा दिला की वाईट माणसाची गरज राहत नाही.

ते म्हणाले, जीप आली, आली असेल, केंद्राचा साहेब आहे, विहीर त्याची. पाणी चढतं, चढत असेल. पण मागं छत्तीस वेळा चढलं म्हणून सदतिसाव्यांदा चढलंच, हे कोर्टात कोण सांगणार? सोळा तारखेला त्या विहिरीत फीत टाकून कुणी बघितलं? बघणारा एकच होता आणि तो मेला.

"तो कधी मेला, तेच तर विचारतेय मी," तुळजाबाई म्हणाल्या. "पाय मोडला होता. डोक्याला मार नव्हता. वजन हाताला बांधलेलं होतं. पडताना कुणी हाताला बांधून पडत नाही साहेब. पडल्यावर बांधलंय. विहिरीत माणूस उतरवा."

दाभाड्यांनी घड्याळ बघितलं, मग तुळजाबाईंकडं बघितलं. ही बाई जाणार नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. जीप काढली.

विहिरीत तातेराव उतरला, वाडीतला गाळ काढणारा माणूस. कंबरेला दोर, हातात बॅटरी. पाणी आता आणखी खाली गेलं होतं. कठड्यापासून पावणेदहा मीटरच्या जरा खाली दगडात एक कपार होती, माणूस बसेल एवढी. मढं काढलं तेव्हा ती पाण्याखाली होती. तातेरावची बॅटरी कपारीच्या वरच्या भिंतीवर फिरली आणि थांबली. मग खालून आवाज आला.

"रेघा हायेत. पिवळ्या."

काळ्या खडबडीत दगडावर पितळ घासलं की पिवळी रेघ उठते. तीन रेघा होत्या, आडव्या, वीतभर लांब, पाण्याच्या पातळीत ओढलेल्या. तुळजाबाईंनी वरून केंद्राचीच फीत सोडली आणि तातेरावनं एकेका रेघेला वजन टेकवलं. पंचांसमोर आकडे लिहिले गेले.

पहिली रेघ, नऊ मीटर बेचाळीस. दुसरी, नऊ चव्वेचाळीस. तिसरी, नऊ एकतीस.

शुक्रवार, शनिवार, रविवार.

मोडका पाय घेऊन रामकिसन कपारीत बसला होता, छातीएवढ्या पाण्यात. वर झाकण होतं, झाकणाला कुलूप होतं. शुक्रवारी चारी बाजूंची इंजिनं धडधडत होती, त्याचं ओरडणं कोण ऐकणार. शनिवारी सगळी इंजिनं बंद, सगळं गायरान चिडीचूप, आणि ऐकायला शेतात एक माणूस नाही. रात्रभर पाणी चढत राहिलं. रविवारी दिवस उगवताना, झाकणाच्या फटीतून उजेड आल्यावर, त्यानं पाणी मोजलं. ते तेव्हा त्याच्या हनुवटीला लागलं असणार. चौथी रेघ नव्हती.

दाभाड्यांनी टोपी काढून हातात घेतली. पंचनामा त्यांनी स्वतः लिहिला, दोनदा खोडून.

६

जालन्याच्या केंद्रात वसंत गाडेकर टेबलामागं बसला होता. दाभाडे दाराशी उभे राहिले. बोलल्या तुळजाबाई.

त्या म्हणाल्या, वहीतल्या शेवटच्या चार ओळी कुणीतरी शुक्रवारीच, एका बैठकीत लिहून ठेवल्या. माणूस मंगळवारपर्यंत जिवंत दिसावा म्हणून. ज्यानं लिहिल्या तो शनिवारपासून पुढं लांब गेलेला असणार, नाहीतर तारीख पुढं ढकलून त्याचा काय फायदा. आता लिहिणारा कोण असू शकतो ते बघा. दुर्गाबाई अंगठेबहाद्दर, तिला आकडा काढता येत नाही. कचरूला येतो, हुकमचंद शेठला येतो, पण त्या दोघांना ठाऊक आहे की अमावस्येनंतर पाणी चढतं. वाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. त्यांच्यातल्या कुणी वही रचली असती तर सोळा तारखेला पाणी चढवलं असतं. या सगळ्या मुलखात एकच माणूस असा आहे, ज्याला वाटतं की पाणी चढत नाही, लोक खोटं बोलतात.

"रेघ सरळ जाते, असं तुम्हीच हैदराबादला वाचून दाखवलं, डॉक्टर. वहीतही तीच रेघ आखलीत."

वसंता घामाघूम झाला नाही. टेबलावरची पेन्सिल सरळ केली. म्हणाला, ढकललं नाही. वह्यांची पिशवी मागत होतो, तो देत नव्हता, ओढाओढ झाली. झाकण उघडंच होतं. तो गेला तो आवाजच आला नाही. मला वाटलं मेला. पिशवी रेल्वेतून गोदावरीत टाकली. तीन वर्षांचं काम होतं माझं, तो चार यत्ता शिकलेला माणूस बैठकीपुढं वह्या पसरून बसला असता तर माझं काय राहिलं असतं?

"मेला वाटलं, तर मग कुलूप का लावलं?"

त्यानं पेन्सिल पुन्हा सरळ केली.

दाभाड्यांनी पंचनामा वाचून दाखवला. कपार, पितळ, तीन रेघा. वसंता ऐकत होता. पहिल्यांदा त्याच्या तोंडावरचा रंग उडाला, तिसऱ्या रेघेशी. तुळजाबाईंना वाटलं, आता हा रडेल. माणूस आहे, त्याला कळलं असेल की आपण जिवंत माणसावर कुलूप दाबलं.

"किती चढलं?" त्यानं विचारलं.

"तेरा सेंटीमीटर."

"एका दिवसात." त्यानं पेन्सिल उचलली, कागदाच्या कोपऱ्यात तेरा लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. दाभाड्यांनी त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली, मग हात धरला.

७

दुर्गाबाई जूनच्या शेवटी सुटली. तुरुंगाच्या दारात तिला घ्यायला कचरू आला होता. रस्त्यापलीकडं उभा राहिला, जवळ आला नाही. ज्या वाडीनं तिच्या नवऱ्याला बाई लावून दिली होती त्या वाडीतून दुसरं कुणी आलं नाही. तुळजाबाई परभणीहून आल्या होत्या.

बाई निम्मी झाली होती. उन्हानं कपाळाची कातडी निघून नवी आली होती. तुळजाबाईंनी तिला स्टँडवर नेलं, बाकड्यावर बसवलं, केळी दिली. ती हातात धरून बसली.

वसंता आत आहे, दाभाड्यांची बदली झाली, पत्रक आता परभणीहून निघणार, जसंच्या तसं. तुळजाबाई सांगत होत्या. दुर्गाबाई ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मग तिनं विचारलं की तो कवापर्यंत जित्ता व्हता.

तुळजाबाईंना खोटं सांगता आलं असतं. शुक्रवारीच गेला, पडल्या पडल्या गेला, असं म्हणता आलं असतं. पण आकडा बदलायचा नाही म्हणून एक माणूस मेला होता. त्यांनी सांगितलं. तीन रेघा सांगितल्या. रविवारी दिवस उगवेपर्यंत, म्हणाल्या.

"म्हंजी शनवारी व्हता."

"होता."

दुर्गाबाईनं केळी बाकड्यावर ठेवली. समोर भोकरदनची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता, कचरू गाडीच्या दाराशी उभा राहून इकडं बघत होता. ती हळू बोलली, सांगायचं म्हणून नाही, बाहेर आलं म्हणून.

"शनवारी दिवस बुडता बुडता म्या दहीभात घेऊन बांधावर गेल्ते. गायरानातून. विहिरीतून हाक आली. माझ्या नावानं. दुर्गे, म्हणून."

तुळजाबाईंनी तिच्याकडं बघितलं.

"अमुशाला विहिरीतून नावानं हाक आली तर ओ द्यायची न्हाई, मागं वळायचं न्हाई. सासूनं शिकवलंतं. मला वाटलं ह्यो तर परभणीला हाय, मंग हे कोण त्याच्या आवाजात बोलून राह्यलं." तिनं पदराचा बोळा करून तोंडाला लावला आणि काढला. "तीनदा हाक आली, बाई. म्या दहीभात थितंच टाकला आन पळाले. घरी येऊन दाराला कडी घातली. हळद-मीठ उतरून टाकलं अंगावरून."

गाडी सुरू झाली. कचरूनं हात केला.

"तुमच्या कागदात ह्ये लिव्हू नका," दुर्गाबाई म्हणाली. मग उठता उठता थांबली. "न्हाई. लिव्हा."